सुजितच्या चेहऱ्याचे मणी

"माझ्या लेकराचं तोंड कुठंय?"

"आत्या, आधी बसा. पाणी आणते."

"पाणी न्हाई पायजे. तोंड कुठंय ते सांग."

"डबीत आहे."

"डबीत?"

"म्हणजे मणी काढून डबीत ठेवलेत. रंग चुकला होता, म्हणून बदलतेय. तुम्ही परवा येणार होता ना?"

"म्हंजे मी परवा आले असते तर मला कळलंच नसतं! गपचूप दुसरं तोंड बसवून ठिवलं असतंस."

"गपचूप कशाला? दाखवणारच होते."

"कुणी सांगितलं तुला रंग चुकला म्हणून? मण्याच्या कंपनीनं फोन केलता का?"

"कंपनीला काय माहीत ते कसे दिसायचे!"

"अन् मला बी माहीत न्हाई? मी जन्म दिलाय त्याला!"

दुर्गाबाईंनी चप्पलही काढली नव्हती. भूमहून रात्रभर एसटीत बसून आलेल्या, खांद्याला पिशवी, पिशवीतून भावजयीने दिलेल्या शेवग्याच्या शेंगा बाहेर आलेल्या. समोर दिवाणावर त्यांच्या मुलाचं, सुजितचं, मण्यांनी भरायचं चित्र पसरलेलं होतं. निळा शर्ट पूर्ण. केस पूर्ण. स्टुडिओचा तपकिरी पडदा पूर्ण. दोन्ही कान जागच्या जागी. कपाळापासून हनुवटीपर्यंत मात्र नुसतं चिकट पांढरं कापड, त्यावर मुंग्यांसारख्या बारीक छापील खुणा. डोळे तेवढे रुपालीने ठेवले होते. त्या पांढऱ्या जागेतून दोन डोळे सरळ आईकडे बघत होते.

"असं करतात व्हय गं माणसाचं?" दुर्गाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं.

रुपाली म्हणजे त्यांची सून, सुजितची बायको. लातूरकडच्या रिवाजाप्रमाणे सासूला आत्या म्हणते. सुजित जाऊन येत्या रविवारी वर्ष होणार. वर्षश्राद्धाला भूमचे भाऊबंद, लातूरचे व्याही, त्याच्या बसमधली पोरं, सगळे येणार. त्यांच्यासमोर भिंतीवर हे चित्र लागायचं, असं दुर्गाबाईंनी ठरवलं होतं. आमंत्रण द्यायलाच त्या गावी गेल्या होत्या.

आता, एका चेहऱ्याच्या रंगावरून दोन बायका सकाळी सकाळी इतक्या का पेटल्या, हे कळायला दुर्गाबाईंच्या लग्नापर्यंत मागे जावं लागतं.

लग्न होऊन त्या ज्योतीरामांच्या दारात उभ्या राहिल्या. उंबऱ्यावर धान्याचं माप, आत जमलेल्या बायका. सासूने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "दिवा आणा गं, नवरी दिसंना झालीय." बायका हसल्या. दिवा खरोखर आला. दुर्गाबाईंनी माप ओलांडलं ते त्या हशातून. त्या काळ्या होत्या. सावळ्या, गव्हाळ वगैरे जे शब्द लोक दयेपोटी वापरतात ते त्यांच्या वाट्याला कधी आलेच नाहीत. ज्योतीराम मात्र त्या दिवशी रात्री एवढंच बोलले, "माझी आई बोलती. तू मनावर घिऊ नको." पुढची सगळी वर्षं त्यांनी तेवढ्यावर भागवलं. ते वाईट नव्हते. त्यांना भांडणात उभं राहताच यायचं नाही. भोसरीच्या फाउंड्रीत राबले, आता ताथवड्याला एका नव्या सोसायटीच्या गेटवर निळ्या गणवेशात बसतात, आणि सकाळी घरात आवाज वाढला की डबा उचलून वेळेआधीच ड्युटीला जातात. आजही तसेच गेले होते.

दुर्गाबाई चाकणच्या बाजारात कांदा निवडायला जायच्या. पहाटे टेम्पोत पंधरा बायका उभ्या. ढिगासमोर बसायचं, मोठा कांदा एकीकडे, बारकी गोल्टी एकीकडे, डागी कांदा मागे फेकायचा. त्यांचा हात बघण्यासारखा चालायचा. बोलता बोलता, भांडता भांडता, न बघता निवडायच्या. मुकादम म्हणायचा, "दुर्गाबाई, तुमच्या बोटाला डोळं हायत." पोटात सुजित होता तेव्हाही त्या ढिगासमोर बसायच्या आणि शेजारणीने सांगितलेलं सगळं करायच्या. पांढरं खोबरं खा. काळा चहा बंद कर. गोऱ्या लेकराचा फोटो बघत जा. एका साबणाच्या जाहिरातीतलं बाळ त्यांनी कापून चुलीच्या वर चिकटवलं होतं. धुराने ते बाळही काळं झालं.

सुजित जन्मला तो आईवर गेला.

मग बेसन, साय, हळद. उन्हात खेळायला बंदी. पुढे गोरं करणारी मलमाची ट्यूब. सुजित आयटीआयला जाताना ती गुमान लावायचा आणि संध्याकाळी येऊन सांगायचा, "माय, पोरं विचारतात, पिठाच्या गिरणीत कामाला लागलास का?" त्या रागावल्या की म्हणायचा, "लावतो गं. तुला बरं वाटतंय ना, मग लावतो." असा मुलगा.

लग्नाच्या वेळी मात्र त्याला हसू येईना. मुलीकडचे यायचे, बघायचे, "कळवतो" म्हणून जायचे. कळवायचं कुणी नाही. शेवटी दुर्गाबाई त्याला पिंपरीतल्या एका स्टुडिओत घेऊन गेल्या. फोटोवाल्याने संगणकासमोर बसून विचारलं, "मावशी, किती गोरा करू?"

दुर्गाबाई म्हणाल्या, "बाजरीचा हाय. ज्वारीचा कर."

तो फोटो लातूरला गेला आणि रुपालीकडून होकार आला.

लग्नानंतर नवरा-बायकोत त्या फोटोची मोठी थट्टा चालायची. भिंतीवर टांगलेल्या फोटोला दोघं 'ज्वारीचा' म्हणायची. रात्रपाळीला निघताना सुजित दारातून म्हणायचा, "चाललो मी. ज्वारीचा आहे सोबतीला, घाबरू नको." रुपालीने भाजीत मीठ जास्त टाकलं की म्हणायचा, "हे त्याच्यासाठी केलंस वाटतं? मला विसरलीसच." ती लाटणं घेऊन मागे लागायची. दुर्गाबाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या, आणि फोटोचा विषय निघाला की नळ मोठा सोडायच्या.

सुजित गेला तो कंपनीच्या बसमध्ये. रात्रपाळी करून चाकणहून परत येताना बसमध्ये सगळेच झोपतात. तोंडं उघडी, माना खिडकीला. नाशिक फाटा आला की ज्याचा त्याचा स्टॉप जवळच्याने सांगायचा. "ए सुजित, उठ, घर आलं." पोरांनी हाक मारली. तो उठला नाही. एकजण हसून म्हणाला, "झोपू दे राव, ओव्हरटाइम केलाय त्यानं." बस पुढे गेली. शेवटच्या स्टॉपवर ड्रायव्हरने हलवलं तेव्हा कळलं. हृदय बंद पडलं होतं, केव्हाचं, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. घरी दुर्गाबाईंनी चहा दोनदा गरम केला होता.

त्यानंतर त्या बसून राहायला लागल्या. कांद्याचं काम गुडघ्यांनी आधीच सोडवलं होतं, आता बोलणंही सुटलं. खाली रस्त्यावर यास्मिनचं दुकान आहे. लोकर, लेस, फ्रेमा, रुखवताचं सामान. यास्मिन एक दिवस वर आली आणि म्हणाली, "मावशी, हाताला काम द्या. हल्ली फोटोवरून मण्यांचं चित्र बनवून मिळतं. डायमंड पेंटिंग म्हणतात. आपण फोटो पाठवायचा. ते कापड पाठवतात, मणी पाठवतात. भरायचं आपण."

"कुणाचा बी फोटो?"

"कुणाचा बी."

दुर्गाबाईंनी भिंतीवरचा ज्वारीचा काढून दिला.

नळीत गुंडाळलेलं कापड आलं, रंगाच्या नंबरांच्या पुड्या आल्या. कापडावर बारीक चौकोनी घरं, घरात खूण. एका खुणेला एक रंग. मेण लावलेल्या लेखणीच्या टोकाने तिळाएवढा मणी उचलायचा, खूण बघायची, दाबायचा. पुन्हा उचलायचा. रुपालीने तोपर्यंत चाकणलाच दुसऱ्या एका कारखान्यात नोकरी धरली होती. गाड्यांचे बंपर रंगवून येतात त्यांचा रंग तपासायचं काम. नमुन्याची पट्टी बंपरला लावायची, शेड जुळली तर पुढे, नाहीतर परत. सुट्टीच्या दिवशी आणि दुपारपाळीच्या आधी ती सासूजवळ बसायची. शर्ट तिने भरला, पडदा तिने भरला, केस दोघींनी मिळून. दुर्गाबाईंना खुणा नीट दिसायच्या नाहीत, ती वाचून द्यायची. पण चेहऱ्याला त्यांनी तिचा हात लागू दिला नाही. "त्येचं तोंड मी करणार," म्हणाल्या. आणि केलं. कपाळ भरताना त्या त्याच्याशी बोलायच्या. "हाल नको रे. एवढं नाक हू दे." नाकाला आठवडा गेला. गालाचे गुलाबी मणी कमी पडले, तर यास्मिनने दुसऱ्या कंपनीचे आणून दिले. ते जास्तच चमकायचे, म्हणून दुर्गाबाईंनी ते कानाच्या कडेला सरकवले आणि कानाजवळचे काढून गालाला आणले. इतकं बारीक.

चेहरा पूर्ण झाला तेव्हा ज्वारीच्या दाण्यासारखा गोरापान तरुण भिंतीला टेकून हसत होता. दुर्गाबाईंनी त्याची दृष्ट काढली.

उतरलेली मीठ-मोहरी रुपालीने बाहेर नेऊन टाकली. पण त्याच आठवड्यात कधीतरी, बसमध्ये डोळे मिटून बसलेली असताना, तिने सुजितला आठवायला बघितलं आणि तिला ज्वारीचा दिसला. तिने डोळे उघडले, पुन्हा मिटले. पुन्हा तोच. घरी येऊन तिने फोन धुंडाळला. फोन सुजितनेच हप्त्यावर घेतलेला. त्याचा कॅमेरा कुणालाही न विचारता सगळ्यांना गोरं करायचा. लोणावळ्याचा सुजित गोरा, वाढदिवसाचा सुजित गोरा. एक फोटो बसमधल्या अंधारात काढलेला, त्यात नुसते दात. खऱ्या रंगाचा सुजित कुठेच नव्हता. वर्षाच्या आत नवऱ्याचा चेहरा हातातून सुटत होता आणि घरातल्या भिंतीला टेकून त्याच्या जागी दुसराच कुणी हसत होता.

तिने यास्मिनकडून तपकिरी मण्यांच्या सगळ्या छटा आणल्या. कागदाच्या पट्टीवर ओळीने चिकटवल्या, कारखान्यातल्या पट्टीसारख्या. पहिल्यांदा नुसत्या आठवणीने निवडल्या. ट्यूबलाइटखाली बरोबर वाटलेला रंग सकाळी गॅलरीत नेल्यावर विटेसारखा लाल दिसला. तेव्हा तिला कळलं, आठवणीवर रंग जुळत नाही. समोर काहीतरी धरायला लागतं.

आणि घरात समोर धरण्यासारखं एकच होतं.

"मला एवढंच सांग," दुर्गाबाईंनी डोळे पुसून डब्यांकडे बोट केलं, "हे काळं कशावरनं काढलंस तू? त्येचा एक तरी फोटो हाय का असा?"

"फोटो नाही."

"मग? मनानंच?"

रुपालीने हातातली पट्टी उलटी करून ठेवली.

"बोल की. एवढं खुडून खुडून उपटलंस. नाकाला आठवडा लागलाता मला. कशावरनं काढलास हा रंग?"

"तुमच्या हातावरून."

दुर्गाबाईंना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. रुपाली खाली बघून पुढे बोलत राहिली, भराभर, "तुम्ही दुपारी गॅलरीत पडता ना, तेव्हा. पट्टी हाताला लावून बघितली. मनगटाच्या वर त्यांच्या गळ्याचा रंग आहे तुमचा. कोपराजवळ कपाळाचा. दंडाला आतल्या बाजूने—"

मण्यांच्या डब्यांचा ट्रे उडाला. दुर्गाबाईंनी मारला की नुसता हात झटकला, त्यांनाही सांगता आलं नसतं. डब्या उलटल्या. गोरे मणी, काळे मणी, पिवळसर, गुलाबी, विटकरी, सगळे फरशीवर टरटर करत दिवाणाखाली, कपाटाखाली, दारापर्यंत गेले.

"झोपलेल्या माणसाचा रंग चोरतीस?"

"चोरते काय! दुसरीकडे कुठे आहे तो आता?"

"तोच तर धुऊन काढायला जल्म गेला माझा! तोच डाग परत त्येच्या तोंडाला लावतीस व्हय? मेल्यावर तरी सोड त्येला!"

"डाग नाही म्हणायचं, आत्या."

"मग काय म्हणू? तुझ्या आयुष्यात कुणी दिवा आणलाय का तुला बघायला?"

रुपालीला हे माहीत नव्हतं. सुजितलाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. ती बघत राहिली. मग खाली बसली आणि मणी गोळा करायला लागली.

दुर्गाबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी चप्पल काढली, गुडघ्यावर हात टेकून सावकाश बसल्या, केरसुणीने समोर एक ढीग ओढला आणि सुपलीत घेऊन निवडायला लागल्या. गोरे इकडे, काळे तिकडे. बोटं आपोआप चालायला लागली.

दोन ढीग वाढत गेले.

"हे कुठलं?" त्यांनी दोन मणी तळहातावर धरले. "मला दोनी सारकंच दिसतंय."

"हा गळ्याचा, हा हनुवटीखालचा. हा थोडा निळसर आहे."

"एवढं कशाला लागतं? काळा म्हंजे काळा."

"नाही ना. आधी मी पण एकच रंग भरून बघितला गालाला. मुखवटा दिसायला लागला. गोऱ्याला सात रंग दिलेत कंपनीने, तर सातच्या सात तेवढेच गडद करावे लागतात. उजेड पडतो तिथे वेगळा, नाकाच्या बाजूला वेगळा."

"कांद्याचं बरं हुतं. डागी दिसला की फेकला मागं."

रुपालीला हसू आलं, तिने ते आवरलं. दुर्गाबाईंनी ते बघितलं.

"हास. मला बी येतंय." मग म्हणाल्या, "सातवीत हुता तवा शाळेत नाटक बसवलं. गुरुजींनी पोरं हुबी केली, एक नजर टाकली, अन् म्हणालं, सुजित राक्षस. बोलायला बी लावलं न्हाई त्येला. नुसतं बघूनच."

"मग?"

"मग काय! पळत घरी आला. माय, सगळ्यात मोठा पार्ट मला मिळालाय! चाळीत घरोघर जाऊन आरडून दाखवत हुता, हा हा हा करून. शेजारपाजारच्या बाया टाळ्या वाजवायच्या. मी मोरीत बसून रडले." त्यांनी सुपली झटकली. "त्येला कदी कळलंच न्हाई का दिला ते."

"कळलं होतं," रुपाली म्हणाली.

"तुला सांगितलं?"

"हसत सांगितलं. म्हणाले, गुरुजींना माझा आवाज माहीत नव्हता, तरी बरोबर निवड केली."

दुर्गाबाईंची बोटं थांबली. मग पुन्हा चालू झाली, पण आता एक गोरा मणी काळ्यात गेला आणि त्यांच्या लक्षात आलं नाही. रुपालीने तो हळूच उचलून योग्य जागी टाकला.

"आत्या, मी तुम्हाला दुखवायला नाही केलं हे. मला त्यांचं तोंड आठवत नाही."

"काय बोलतीस."

"खरंच. आवाज आठवतो, चालणं आठवतं. तोंड आठवायला गेलं की हा फोटोतला येऊन बसतो. रविवारी सगळे ह्याच्या पाया पडणार, ह्याला हार घालणार, आणि मी ह्याच्यासमोर रडायचं? हा कोण माझा?"

"माझा कोण हाय मग?" दुर्गाबाई पटकन म्हणाल्या, आणि तो प्रश्न त्यांचा त्यांनाच लागला असावा, कारण त्या उठल्या. गुडघा कटकन वाजला. गॅलरीचं दार त्यांनी उघडलं. दहाचं ऊन कठड्यावर आलं होतं. खालून यास्मिनच्या दुकानाचं शटर वर जाताना वाजलं.

"ये इकडं. ती पट्टी घिऊन ये."

रुपाली दारात थबकली.

"ये म्हणते ना. मी झोपल्यावर रंग बघितलास. झोपलेलं माणूस निराळं दिसतंय. जागेपणी बघ." त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि उघडा हात कठड्यावर उन्हात आडवा ठेवला. "धर."

रुपालीने पट्टी धरली. मनगटाच्या वर, मग कोपराजवळ. दोघी वाकून बघत होत्या. दुर्गाबाईंनी स्वतःच्या हाताकडे इतका वेळ कधी बघितलं नसेल. इथे उन्हात नुसता काळा नव्हता तो; कुठे जांभळट, कुठे तांब्याची झाक, शिरांजवळ जरा हिरवट. रुपाली एक मणी काढायची, शेजारचा लावायची. एका जागी पट्टीवरचा मणी आणि कातडी यांच्यातला फरक असा मिटला की तो कुठे आहे तेच क्षणभर दिसेना.

"हा," रुपाली म्हणाली. "हा, आत्या. कपाळ. हे ह्यांचं कपाळ आहे."

दुर्गाबाई त्या जागेकडे बघत होत्या. त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट हळूच तिथे टेकवलं, जसं तापलेल्या पोराच्या कपाळाला टेकवतात.

"व्हय," त्या म्हणाल्या. "हेच."

रुपाली पट्टीवर पेनाने खुणा करत होती, कुठला मणी कुठे. तिच्या चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेलं काहीतरी आलं होतं. रविवारपर्यंत होईल, तुम्ही कपाळ भरा, मी गाल भरते, खुणा मोठ्याने वाचून देते, असं ती बोलत होती.

"रुपे."

"हं?"

"हाच रंग पायजे म्हणतीस तू आता."

"हाच."

"मग एक सांग. रागानं न्हाई इचारत." दुर्गाबाईंचा आवाज अगदी खाली आला होता. "आमी तुला बघायला आलो लातूरला. तू पोह्याच्या बशा घिऊन आलीस. आधी माझ्याकडं बघून हासलीस, मग त्येच्याकडं बघितलंस. मी तुझ्याकडंच बघत हुते. तुझं तोंड उतरलं."

रुपालीचं पेन थांबलं.

"फोटोतला शोधत हुतीस तू. मागं कुणी हाय का म्हणून दाराकडं बी बघितलंस. मला वाटलं, मलाच दिसलं असंल. पण परत येताना गाडीत सुजित म्हणाला, माय, पोरगी चांगली हाय, पर तिला आपण फसवल्यागत झालंय. आपण पुन्यांदा इचारू तिला. मीच म्हणले, गप बस, हो आलाय, मोडू नको. त्येच्या मनात ते राहिलं. तुमी हासायचा, ज्वारीचा-बाजरीचा करायचा, मला समदं ऐकू यायचं. पर तो हासायचा तवा मला वाटायचं, पोरगं तपासून बघतंय. अजून बी तिला तोच पायजे का म्हणून."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. होत नव्हती.

"तू त्येला कदी सांगितलंस का गं? का त्या दिवशी तोंड उतरलं, अन् मग कवा तो आवडाया लागला? एकदा तरी? का तसाच गेला तो?"

रुपालीने पेनाला टोपण लावलं. दुर्गाबाईंचा हात तिच्या पुढ्यात कठड्यावर तसाच होता, त्यांनी तो काढला नव्हता.

तिने पट्टी त्या हाताशेजारी ठेवली. उडू नये म्हणून तिच्यावर मण्यांची डबी ठेवली. आत गेली. तोंडावर पाणी मारल्याचा आवाज आला. मग ती बाहेरच्या खोलीत आली, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घातलं, डब्याची पिशवी घेतली. दुपारपाळीच्या बसला अजून अवकाश होता.

"रुपे, आगं, जेवून तरी—"

चित्राला वळसा घालून, फरशीवर उरलेल्या मण्यांवर पाय पडणार नाही अशी ती दारापर्यंत गेली, चपला पायात सरकवल्या, आणि मागे न बघता जिना उतरून गेली.